हप्त्याची पावती

बोरीबंदरला ट्राम थांबते आणि तुम्ही उतरता. जानेवारी १९५८ चा शेवटचा आठवडा आहे. कंडक्टरने दिलेली मोड अजून तुमच्या मुठीत आहे. त्यात कातरलेल्या कडेचा जुना आणा आहे आणि तांबूस रंगाचे चिमुकले तीन नवे पैसेही आहेत. नवी नाणी येऊन दहा महिने होत आले, तरी लोकांच्या तोंडी हिशेब अजून आण्यांतच चालतो. एका आण्याचे सहा नवे पैसे की सव्वासहा, यावरून रोज कुठे ना कुठे हुज्जत होते.

दुसऱ्या खिशात चार घड्या घातलेला एक कागद आहे. आयुर्विमा महामंडळाची पावती. तिमाही हप्ता, सोळा रुपये. पगार हातात आला की आधी वाणी, मग खोलीचं भाडं, मुलांची फी, गावाकडची मनिऑर्डर, आणि उरल्यासुरल्यातून हा हप्ता. गेल्या वेळी तो भरायला घरातल्या एका माणसाचा चष्मा पुढच्या महिन्यावर ढकलावा लागला होता. आपल्यामागे बायकोपोरांनी कुणाच्या दारात उभं राहू नये, एवढ्यासाठी हा कागद.

फोर्टात शिरता शिरता पुढे गर्दी दिसते. आधी वाटतं, संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा असणार. दोन वर्षांपूर्वी याच जानेवारीत या शहरात गोळ्या चालल्या, माणसं पडली. दोन महिन्यांपूर्वी पंडित नेहरू प्रतापगडावर शिवरायांच्या पुतळ्याच्या अनावरणाला आले, तेव्हाही संयुक्त महाराष्ट्र समितीने मोठी निदर्शनं केली. मुंबईला गर्दी नवी नाही. पण या गर्दीत घोषणा नाहीत, झेंडे नाहीत. माणसं माना वर करून एका कर्ण्याकडे बघत गप्प उभी आहेत.

कर्ण्यातून आवाज येतोय तो भाषणाचा नाही, प्रश्नोत्तरांचा आहे. एक शांत आवाज विचारतो, दुसरा घसा खाकरून उत्तर देतो. इंग्रजीत. शेजारचे काळ्या टोपीतले गृहस्थ जरा सरकून तुम्हाला जागा देतात.

“इथं उभे राहा. तिकडं आवाज फुटतो.”

“काय चाललंय?”

“मुंदडाची चौकशी. आत मुंगी शिरायला जागा नाही, म्हणून बाहेर कर्णे लावलेत. आता शेअर बाजारवाले साक्ष देतायत.” मग जरा थांबून विचारतात, “तुमची पॉलिसी आहे का?”

तुम्ही खिशावर हात ठेवता. ते मान डोलावतात. “माझ्या दोन. एक ओरिएंटलची होती, तीही आता सरकारात गेली.”

या गर्दीतल्या बऱ्याच जणांच्या खिशात असा कागद असणार. कचेरीच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून आलेली ही माणसं कुणाला शिक्षा झालेली बघायला आलेली नाहीत. आपल्या पैशाचं काय झालं ते त्यांना आपल्या कानांनी ऐकायचं आहे.

झालंय काय, ते कळायला सात महिने मागे जावं लागेल. या.

जून १९५७. तारीख २५, मंगळवार. महामंडळाच्या कचेरीत एक व्यवहार पुरा होतो. हरिदास मुंदडा नावाच्या कलकत्त्याच्या माणसाच्या ताब्यातल्या सहा कंपन्यांचे शेअर महामंडळ विकत घेतं. किंमत सुमारे एक कोटी चोवीस लाख रुपये. सोळा रुपयांच्या हप्त्याने मोजायचं तर तुमच्यासारख्या जवळजवळ दोन लाख माणसांनी वर्षभर भरलेले हप्ते.

कंपन्यांची नावं ऐकलीत तर काही ओळखीची निघतील. भायखळ्याची रिचर्डसन अँड क्रुडास. कलकत्त्याची जेसप. कानपूरची ब्रिटिश इंडिया कॉर्पोरेशन, म्हणजे ज्यांच्या लाल इमली आणि धारीवालच्या लोकरी कापडावर अनेकांचे हिवाळे निघाले, ते लोक. शिवाय ऑस्लर लॅम्प, अँजेलो ब्रदर्स, आणि औषधं करणारी स्मिथ स्टॅनिस्ट्रीट. कारखाने खरे होते, त्यांत राबणारे कामगार खरे होते. ज्याने ते हातात घेतले होते, त्याचा मात्र धंदा सट्ट्याचा. विजेचे दिवे विकण्यापासून सुरुवात करून हा माणूस शेअर बाजाराच्या जोरावर एकामागून एक इंग्रजी पेढ्या गिळत गेला होता, आणि आता स्वतःच गळ्यापर्यंत कर्जात रुतला होता. त्याला बाहेर काढायला रोख पैसा हवा होता. तो पैसा देशात ज्यांच्याकडे सगळ्यात जास्त साचत होता, त्यांच्याकडूनच आला.

महामंडळाला पैसा कुठे गुंतवावा हे सांगायला एक गुंतवणूक समिती होती. तिला विचारलं गेलं नाही. सरकारला महामंडळाला काही सांगायचंच असेल तर ते लेखी सांगावं, असं कायद्याच्या एकविसाव्या कलमात लिहिलेलं होतं. लेखी आदेश नव्हता. शेअर दलालांमार्फत बाजारात न घेता थेट मुंदडाशीच बोलणी करून घेतले गेले, आणि त्यांतल्या काहींना बाजारात मिळाली असती त्याहून चढी किंमत मोजली. बोलणी करणारे होते अर्थखात्याचे मुख्य सचिव एच. एम. पटेल, महामंडळाचे अध्यक्ष जी. आर. कामत आणि व्यवस्थापकीय संचालक एल. एस. वैद्यनाथन. पटेल काही ऐरागैरा अधिकारी नव्हता. फाळणीच्या वेळी दोन देशांत मालमत्तेची वाटणी करणाऱ्यांपैकी तो एक. या तिघांनी स्वतःच्या खिशात काही घातलं असं कुणी सिद्ध केलं नाही. मग त्यांनी हे कुणाच्या सांगण्यावरून केलं? जूनमध्ये हा प्रश्न विचारणारं कुणी नव्हतं. फाइल बंद झाली.

इथे एक आडवाट घ्यायला हवी, कारण महामंडळ जन्मलं त्या आठवड्याशी मराठी माणसाचं नातं आहे. १९ जानेवारी १९५६ च्या रात्री रेडिओजवळ बसा. मुंबई पेटलेली आहे. तीनच दिवसांपूर्वी हे शहर महाराष्ट्राला न देता केंद्राच्या ताब्यात ठेवायचं जाहीर झालं आहे. आणि रेडिओवर आवाज येतो चिंतामणराव देशमुखांचा, देशाच्या अर्थमंत्र्यांचा. सरकार आयुर्विम्याचा सगळा धंदा ताब्यात घेत आहे, असं ते सांगतात. एकूण २४५ खासगी विमा कंपन्या आणि संस्था यात आल्या. त्यांतल्या काहींनी लोकांचा पैसा मालकाच्या इतर धंद्यांत फिरवला होता. तो पैसा पुन्हा कुण्या शेठजीच्या हाती लागू नये, हा या निर्णयामागचा हेतू. त्याच वर्षी जुलैत मुंबईच्या प्रश्नावर चिंतामणरावांनी राजीनामा दिला. ऑगस्ट संपता संपता त्यांच्या खुर्चीवर तिरुवेल्लोर थट्टाई कृष्णम्माचारी आले. सगळा देश त्यांना टीटीके म्हणत असे. १ सप्टेंबर १९५६ ला महामंडळाचा कारभार सुरू झाला. म्हणजे महामंडळ आणि हे अर्थमंत्री बरोबरच कामाला लागले.

टीटीकेंचं नाव तुम्ही आधी ऐकलेलं आहे. आठवा. ५ नोव्हेंबर १९४८, संविधान सभा. मद्रासचा एक सभासद उठतो आणि मसुदा समितीचं आतलं चित्र सभागृहापुढे ठेवतो. सातांतल्या एकाने राजीनामा दिला, एक वारले, एक अमेरिकेत गेले, एक संस्थानी कारभारात गुंतले, आणखी कुणी दिल्लीपासून लांब राहिले, आणि शेवटी संविधानाचा मसुदा लिहिण्याचा सगळा भार डॉ. आंबेडकरांवर पडला. बाबासाहेबांच्या कष्टांची ही साक्ष त्यांच्या सहकाऱ्याने त्यांच्यासमोर दिली आणि ती कायमची नोंदली गेली. महाराष्ट्रात आजही १४ एप्रिलला व्याख्यानांतून तिचा दाखला दिला जातो. ते सभासद म्हणजे हेच टीटीके. माणूस हुशार, तिखट जिभेचा, दुसऱ्याचं श्रेय मोकळेपणाने देणारा. १९५७ च्या अंदाजपत्रकात संपत्ती कर आणि खर्च कर आणून त्यांनी श्रीमंतांचा रोष ओढवून घेतला होता. शेठजींचा हस्तक म्हणावा असा हा माणूस नव्हताच, आणि म्हणूनच ही गोष्ट जास्त लागते.

आणखी एक. १९५१ साली हंगामी संसदेत मुद्गल नावाच्या सभासदाने मुंबईच्या सोने-चांदीच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेऊन त्यांची कामं सभागृहात पुढे रेटली, असा आरोप झाला. चौकशी समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष टीटीके होते. समितीने मुद्गलला दोषी धरलं आणि त्याचं सभासदत्व गेलं. सार्वजनिक माणसाला कुठल्या मापाने मोजायचं, ते टीटीकेंनी स्वतःच्या सहीने लिहून दिलं होतं.

आता दिल्लीला चला. १६ डिसेंबर १९५७. लोकसभेच्या प्रेक्षक-सज्ज्यात कशीबशी जागा मिळते. खाली एक गोरटेला, जाडसर पारशी गृहस्थ उठतो. फिरोज गांधी. जन्म मुंबईचा, खासदार रायबरेलीचे, पक्ष काँग्रेस. पंतप्रधान पुढच्या बाकावर बसले आहेत आणि बोलणारा त्यांचा जावई आहे. याच माणसाने दोन वर्षांपूर्वी दालमियांच्या विमा कंपनीतला घोळ याच सभागृहात उघड केला होता आणि विम्याच्या राष्ट्रीयीकरणाला त्यातून धार आली होती. बिहारचे रामसुभग सिंह यांनी आधीच प्रश्न विचारून वाट मोकळी केली आहे. अर्थखात्याकडून आलेली उत्तरं मात्र अशी, की ताकास तूर लागू नये.

फिरोज गांधी आवाज चढवत नाहीत. संसदेने स्वतः जन्माला घातलेल्या संस्थेच्या पैशावर नजर ठेवणं हे संसदेचंच काम आहे, असं म्हणून ते आकड्यांवर येतात. कुठल्या तारखेला कुठल्या शेअरचा भाव काय होता, महामंडळाने काय दिला. गुंतवणूक समितीला का विचारलं नाही. ज्या माणसाच्या व्यवहारांबद्दल सरकारदरबारी आधीपासून शंका होत्या, त्यालाच का निवडलं. एकेक प्रश्न ते वीट रचावी तसा ठेवत जातात. हा विरोधी पक्षाचा हल्ला असता तर बहुमताने तो परतवला असता. पण हा माणूस घरचा आणि पक्षाचा. मागच्या बाकांवरचे काँग्रेसवाले माना खाली घालून बसले आहेत. त्यांना तो गप्प करवत नाही. सज्ज्यातून तुम्ही टीटीकेंकडे बघता. ते टिपण घेत आहेत.

अर्थमंत्र्यांना चौकशी मान्य करावी लागली, आणि जानेवारीत सरकारने एकाच माणसाचा आयोग नेमला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती महंमद करीम छागला.

तर पुन्हा त्या कर्ण्याखाली येऊ या. काळ्या टोपीतले गृहस्थ अजून तिथेच आहेत. त्यांनी खिशातून शेंगदाण्यांची पुडी काढून तुमच्यापुढे धरली आहे. तुम्ही दोन घेता.

चौकशी बंद दाराआड करा, असं सुचवणारे होते. छागलांनी ऐकलं नाही. लोकांचा पैसा आहे, लोकांना ऐकू द्या, असा त्यांचा आग्रह. कोर्टाचं कामकाज कर्ण्यावरून ऐकवायचं म्हणजे न्यायाचा तमाशा करायचा, अशी टीका झाली. तीत काही तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. साक्ष देणाऱ्या माणसाला बाहेरच्या जमावाचा श्वास ऐकू यायला लागला तर तो मोकळेपणाने बोलू शकत नाही. पण तुम्ही या जमावात उभे आहात. कुणी हुर्यो करत नाही. एखादा अवघड इंग्रजी शब्द आला की कुणीतरी हलकेच मराठीत, कुणी गुजरातीत सांगतो. एवढ्या शिस्तीची गर्दी या मुंबईत मी तरी दुसरी ऐकलेली नाही.

आत प्रश्न विचारण्याचं काम सरकारचे सर्वोच्च वकील करत आहेत. महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड. तेही मुंबईचेच. साक्षीदार शेअर बाजारातला जाणता माणूस आहे. सरकारच्या बाजूने सांगितलं गेलेलं कारण असं, की कलकत्त्याचा बाजार कोसळत होता आणि त्याला टेकू द्यायला ही खरेदी केली. एका सटोडियाच्या सहा कंपन्यांचे शेअर घेतल्याने बाजार सावरेल का, असा सरळ प्रश्न येतो. आणि ज्यांचं आयुष्य बाजारात गेलं ती माणसं सांगतात, बाजाराला याचा काही उपयोग नव्हता. उपयोग कुणाला होता, ते कुणी बोलत नाही. बोलायची गरजही नाही.

काळ्या टोपीवाले पुडी चुरगाळतात. “बघा,” एवढंच म्हणतात.

टीटीकेंची साक्ष तुम्ही इतर लाखो लोकांप्रमाणे वर्तमानपत्रात वाचता. इराण्याच्या हॉटेलात, ब्रून मस्का समोर, संगमरवरी टेबलावर पेपर पसरून. मागच्या टेबलावर लिबर्टीला लागलेल्या ‘मदर इंडिया’ची चर्चा चालली आहे. तुमचे डोळे मात्र त्या स्तंभांवर खिळले आहेत. अर्थमंत्री सांगतात की या व्यवहाराला आपण संमती दिलेली नव्हती. मुख्य सचिव सांगतात की मंत्र्यांना सगळं माहीत होतं. दोन तोलामोलाची, बुद्धिमान माणसं. एकमेकांबरोबर वर्षभर रोज काम केलेली. आणि त्यांच्यात काय बोलणं झालं याचा एक ओळीचाही कागद नाही. लेखी आदेशाचं ते कलम नुसतं पाळलं असतं, तर या दोघांपैकी एकावर तरी अशी वेळ आली नसती. कागदाचा कंटाळा करणाऱ्या प्रत्येक कारभाऱ्याने ते दोन स्तंभ वाचावेत असं मला वाटतं.

मी टीटीकेंना चोर म्हणत नाही. आयोगानेही म्हटलं नाही. मुंदडाचा एक रुपया त्यांच्याकडे गेला असं कुणाचंच म्हणणं नव्हतं. पण माझं मत असं, की हा बचावाचा मुद्दाच नाही. वाड्यावर चोरी झाली तर मालक म्हणू शकतो, मला ठाऊक नव्हतं, कारण चोरी त्याची झालेली असते. राखणदाराला तसं म्हणता येत नाही. आणि अर्थमंत्री या घराचे मालक नव्हते. मालक त्या कर्ण्याखाली उभे होते.

छागलांनी १० फेब्रुवारीला अहवाल दिला. कामाला लागल्यापासून चोवीस दिवसांत. आज एखाद्या आयोगाला कार्यालय आणि टंकलेखक मिळायला याहून जास्त दिवस लागतात. अहवाल सरळ भाषेत होता. बाजाराला टेकू देण्याचं कारण पटत नाही. सचिवाने जे केलं त्याची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याची. माझ्या हाताखालच्याने केलं, असं म्हणून त्याला हात झटकता येणार नाहीत. स्वायत्त महामंडळात सरकारने असा परभारे हात घालू नये. विमेदारांचा पैसा विमेदारांच्याच हितासाठी वापरला जावा. आणि असं काही घडलं तर मंत्र्याने संसदेला पहिल्या संधीला विश्वासात घ्यावं, तिला ते दुसऱ्या वाटेने कळू नये. हे शेवटचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. जूनमध्ये झालेली चूक सप्टेंबरात स्वतः उठून सांगितली असती, तर कदाचित ती चूकच राहिली असती. लपवाछपवी झाली आणि तिचं प्रकरण झालं.

१८ फेब्रुवारी. टीटीकेंचा राजीनामा लोकसभेत जाहीर होतो. नेहरूंना तो जड गेला. या प्रकरणात टीटीकेंचा वाटा अगदी थोडा होता, असं त्यांचं मन सांगत होतं आणि त्यांनी ते लपवलं नाही. तरीही राजीनामा स्वीकारला. दहा दिवसांवर अंदाजपत्रक. आकडे तयार, ते मांडणारा माणूस नाही. तर २८ फेब्रुवारी १९५८ ला जवाहरलाल नेहरू स्वतः अर्थमंत्री म्हणून उभे राहिले आणि त्यांनी अंदाजपत्रक वाचलं. पंतप्रधानाने अंदाजपत्रक मांडण्याची स्वतंत्र भारतातली ती पहिली वेळ. सज्ज्यात बसून तुम्ही ऐकता. आवाज तोच ओळखीचा, पण करांच्या आणि तरतुदींच्या त्या रुक्ष ओळी त्याला शोभत नाहीत. पुढच्या बाकावर एक जागा मोकळी आहे.

पुढच्या गोष्टी भराभर सांगतो. अधिकाऱ्यांची वेगळी चौकशी न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांच्या मंडळाने केली. पटेल आयसीएसमधून बाहेर पडले, गुजरातेत वल्लभ विद्यानगरला जाऊन शिक्षणाच्या कामात रमले आणि १९७७ साली, जनता सरकारात, स्वतः अर्थमंत्री झाले. मुंदडा तुरुंगात गेला. फिरोज गांधी १९६० च्या सप्टेंबरात गेले, अठ्ठेचाळीसच्या आतबाहेर. छागला मुंबई उच्च न्यायालयातून निवृत्त होऊन अमेरिकेत राजदूत झाले.

टीटीके १९६२ ला लोकसभेवर बिनविरोध निवडून आले. नेहरूंनी त्यांना मंत्रिमंडळात परत घेतलं आणि ऑगस्ट १९६३ मध्ये पुन्हा अर्थखातं दिलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात छागला शिक्षणमंत्री म्हणून त्याच मंत्रिमंडळात आले. बैठकीच्या खोलीत जरा डोकावा. निकाल देणारा आणि ज्याच्याविरुद्ध निकाल गेला तो, दोघे एकाच टेबलाशी बसून देशाचा कारभार बघत आहेत. या दुसऱ्या खेपेत टीटीकेंच्या हातून मोठी कामं झाली. युनिट ट्रस्ट आणि औद्योगिक विकास बँक याच काळातल्या, १९६४ च्या. छोट्या माणसाची बचत शेअर बाजारात नीट, राखून गुंतवता यावी म्हणून युनिट ट्रस्ट. हे मांडणारे अर्थमंत्री टीटीके असावेत, याने मला बरं वाटतं. माणूस चुकीतून काही शिकला असेल, अशी आशा त्यातून धरता येते.

पण एकदा डाग पडलेलं कापड लोक उजेडात धरून बघतात. १९६५ मध्ये काही खासदारांनी पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींकडे नवे आरोप नेले: मंत्र्याच्या पदाचा फायदा त्यांच्या कुटुंबाच्या धंद्याला मिळतो. शास्त्रींना ते कागद आधी सरन्यायाधीशांच्या नजरेखालून घालायचे होते. टीटीकेंना तो आपल्यावरचा अविश्वास वाटला. ३१ डिसेंबर १९६५ ला त्यांनी राजीनामा दिला. ते आरोप सिद्ध झाले नाहीत. अकरा दिवसांनी शास्त्री ताश्कंदला वारले आणि सगळ्या देशाचं लक्ष तिकडे वळलं. टीटीके मद्रासला परतले. पुन्हा कुठल्याही मंत्रिमंडळात आले नाहीत. १९७४ साली त्यांचं निधन झालं. शहरातल्या एका मोठ्या रस्त्याला त्यांचं नाव आहे.

संध्याकाळ झाली. त्या जानेवारीतल्या मुंबईतून तुम्हाला आता परत यायचं आहे. आजची सुनावणी संपली, कर्णा खरखरून बंद झाला. लोक पांगत आहेत. काळ्या टोपीतले गृहस्थ चर्चगेटकडे निघाले आहेत. त्यांनी तुमचं नाव विचारलं नाही, तुम्ही त्यांचं विचारलं नाही. फ्लोरा फाउंटनजवळ दिवे लागले. तुम्ही बोरीबंदरकडे वळता, खिशातली पावती एकदा बाहेर काढून बघता. सोळा रुपये. शिक्का जरा पुसट उमटला आहे, तारीख मात्र वाचता येते.

घरातल्या जुन्या ट्रंकेत, आजोबांच्या कागदांत, अशी १९५७-५८ ची हप्त्याची पावती कधी हाती लागली, तर ती रद्दीत घालू नका. त्या पावतीचा जाब म्हणून भारताच्या अर्थमंत्र्याला आयोगापुढे साक्ष द्यावी लागली होती, आणि चोवीस दिवसांत निकाल लागला होता.